मरून काठाचं सर्टिफिकेट कुणी द्यायचं? वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुलं पत्र

मा. वस्त्रोद्योग मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला आठ लूमचा कारखानदार, टेरी टॉवेल काढतो. माल आमचा असतो, एक्सपोर्ट दुसऱ्याच्या नावावर होतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

गेल्या वर्षी युरोपच्या ऑर्डरचे टॉवेल विणले, पांढरं अंग आणि मरून काठ. सॅम्पल मुंबईच्या लॅबला गेलं आणि काठाच्या रंगात बंदीतले अमाईन निघाले, म्हणजे काही ॲझो रंगांतनं सुटणारी कॅन्सर करणारी रसायनं. तिकडं लिमिट आहे किलोला ३० मिलिग्रॅम, आणि अंगाला लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत टॉवेल नावानिशी लिहिलाय. नियम बरोबरच आहे. आपल्याकडंपण असले ॲझो रंग १९९७ पासून बंद आहेत ना, मग माझ्या सुतात आले कुठून? मी सूत रंगवत नाही, डाईंगवाल्याकडनं रंगीत कोन आणतो, तो म्हणतो रंगाची पावडर खुली घेतली, डब्यावर ना नाव ना नंबर. अख्खा लॉट माझ्या अंगावर पडला.

डोळ्याला काही दिसत नाही साहेब. पांढरं फडकं ओलं करून काठ घासून बघितला, डागसुद्धा उठला नाही, रंग एकदम पक्का. रिपोर्ट येईपर्यंत त्याच लॉटचा टॉवेल आम्ही नातवाला आंघोळ झाली की गुंडाळत होतो.

सांगोला-पंढरपूरकडचे डाळिंबवाले बघा. युरोपला फळ पाठवायचं तर बाग आधी अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, अनारनेट या ऑनलाइन नोंदणीवर नोंदवतात, औषधाचा अंश तपासायला सॅम्पल बागेतनंच घेतात, म्हणजे गडबड असली तर मुळाशीच कळते. आमच्याकडं उलटं, सूत रंगलं, विणलं, शिलाई झाली, पॅकिंग झालं आणि मग टेस्ट! रंगाच्या दहा शेड असल्या की टेस्टचा खर्च वाढतो, आठ लूमवाल्यानं तो कुठनं काढायचा?

म्हणून मागणी एकच आहे, तपासणी डाईंग हाऊसला लावा. प्रत्येक डाय-लॉटचा (एकावेळी रंगवलेल्या सुताचा) रिपोर्ट एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबचा पाहिजे, त्याचा नंबर सुताच्या पोत्याबरोबर चिठ्ठीवर आला पाहिजे, आणि छोट्या डाईंगवाल्यांच्या फीचा भार सरकारनं उचलावा, नाहीतर तेही बुडतील. बिननावाची पावडर विकणाऱ्यावर धाड टाका. असं झालं तर सोलापुरात विकला जाणारा टॉवेलपण आपोआप तपासलेला असेल, आपल्या लोकांची कातडी काय वेगळी आहे का?

तो लॉट अजून कारखान्यात पोत्यात बांधून पडलाय. बाजारात विकायला मन होत नाही. आपण सोलापूरला आलात तर दाखवतो.

आपला,
एक यंत्रमागधारक, सोलापूर