खोडलेल्या आकड्याखाली, पेन्सिलीने

प्रिय मावशी,

खरं तर तुम्ही माझ्या मैत्रिणीच्या मावशी, फिजिक्स शिकलेल्या. पण पहिल्या दिवशी मी "मॅडम" म्हटलं की तुम्ही दर वेळी मागे वळून बघत होतात, जणू मागे कोणी मॅडम उभ्या आहेत. म्हणून तो शब्द मी तिथेच सोडला.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्हाला एकटीला लिहिलं असतं तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही ते मिटवून टाकलं असतं. आणि मला सांगायचंय की त्यात बरंच काही होतं.

तुमच्याकडे आले तेव्हा मी "फिजिक्स करू की नको" हा प्रश्न दारोदार फिरवून दमले होते. एका समुपदेशकांनी चाळीस मिनिटांची चाचणी घेऊन हातात एक रंगीत वर्तुळ दिलं. त्यात फिजिक्सची फोड बारीक होती, म्हणून त्यांचं मत "नको". एका काकांचं म्हणणं, फिजिक्समध्ये आता उरलंय काय, सगळं शोधून झालं. हे सांगितल्यावर तुम्ही खळखळून हसलात. १८७४ साली म्युनिकमध्ये सोळा वर्षांच्या माक्स प्लांकला त्याच्या प्राध्यापकांनी, फिलिप फॉन योली यांनी, अगदी हेच ऐकवलं होतं म्हणे. नवीन नाही सापडलं तरी चालेल, आहे ते मला नीट समजून घ्यायचंय, असं त्याचं उत्तर. पुढे १९०० मध्ये ऊर्जा सुट्या पुड्यांतच मिळते असं मांडून त्याच पोऱ्याने फिजिक्सची घडी विस्कटली. मी हरखून ऐकत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "याचा अर्थ तू प्लांक आहेस असा नाही हं. काका चुकू शकतात, एवढाच."

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी ती वही.

मी ती दाखवायला आणलीच नव्हती. पिशवीतून पाण्याची बाटली काढताना जर्नल बाहेर आलं आणि लंबकाच्या प्रयोगाचं पान उघडं पडलं. एक मीटर दोरा, खाली बोल्टचा एक नट, दहा झोके, २१.३ सेकंद. त्यावरून काढलेलं गुरुत्व त्वरण ८.७; पुस्तकात ते ९.८. त्या ८.७ वर क्लासच्या सरांची लाल रेघ, इतकी जोरात मारलेली की मागच्या पानावर उमटली होती, आणि शेजारी दोन शब्द: "९.८ लिही." मी सरांना सांगायचा प्रयत्न केला होता की सर, मी तीनदा मोजलंय. ते म्हणाले, परीक्षेत तुझं घड्याळ कोणी विचारत नाही. सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसून करणार काय.

तुम्ही ते पान बराच वेळ बघितलंत. मग विचारलंत, "दोरा किती लांब खेचला होतास?"

एवढाच प्रश्न. "चुकलं कुठे" नाही, "मोजता येत नाही का" नाही. मी हाताने दाखवलं, जवळजवळ साठ अंश. मोठा झोका मोजायला सोपा जाईल असं मला वाटलं होतं. तुम्ही टेबलावरची पेन्सिल उचललीत आणि त्या लाल रेघेखाली, छोट्या स्वच्छ अक्षरात, पुन्हा ८.७ लिहिलंत.

मावशी, तुम्हाला हे आठवतही नसेल. तुम्ही बोलतच होतात, हात आपला आपण लिहीत होता. पण मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं, आणि ते लपवायला मी ती बाटली अर्धी रिकामी केली.

मग तुम्ही समजावलंत. पुस्तकातलं सूत्र लहान झोक्यांसाठी आहे. साठ अंशांना दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे माझा नट खरंच हळू चालला होता. मी घड्याळ बरोबर बघितलं होतं, सूत्र चुकीच्या जागी वापरलं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. झोका लहान असो की मोठा, वेळ सारखाच लागतो, असं खुद्द गॅलिलिओलाही वाटत होतं. मोठा झोका रेंगाळतो हे ओळखून हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने त्यावर उपाय म्हणून लंबकाचा दोरा दोन वक्र पट्ट्यांच्या मध्ये टांगला. त्यावर त्याने १६७३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. एका थोर माणसाची चूक आपल्या हातून झाली याचा इतका आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

करिअरबद्दल तुम्ही गोड काही बोलला नाहीत, त्याचेही आभार. पदवी, मग डॉक्टरेट, मग दोन-दोन तीन-तीन वर्षांच्या नेमणुका, दर वेळी नवं गाव, आणि शेवटी कायमच्या जागा कमी, माणसं जास्त. फिजिक्स शिकलेले बहुतेक जण प्राध्यापक होत नाहीत; कोणी रुग्णालयात किरणोपचाराचा डोस आखतं, कोणी चिप बनवतं, कोणी हवामानाची मॉडेलं चालवतं. तुमच्या स्वतःच्या डॉक्टरेटमधलं एक अख्खं वर्ष निर्वात पात्राची गळती शोधण्यात गेलं, प्रत्येक सांध्यावर हेलियम फवारत. "सापडली तेव्हा काय वाटलं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "झोप आली."

आणि "मला जमेल का" यावर म्हणालात, "माहीत नाही." आतापर्यंत ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांना माहीत होतं. कोणाला मार्कांवरून, कोणाला वर्तुळावरून. त्यांच्यापैकी कोणी वाईट माणूस नाही. घाईत असतील. पण पोरांशी बोलताना "माहीत नाही" म्हणायला मोठ्यांची जीभ इतकी का अडते, हे मला खरंच कळत नाही. असं म्हणणारी माणसं आहेत हे आता मला माहीत आहे. ती बहुधा गाजावाजा करत नाहीत, समोरच्याची वही नीट बघतात आणि आपल्या कामाला लागतात.

माझं अजून ठरलेलं नाही. घरी रोज विचारतात, मी रोज "बघतेय" म्हणते. पण नट परत टांगलाय. लहान झोक्यांना दहा वेळचे २०.१ सेकंद आले आणि गणित ९.८ च्या पार जवळ गेलं. सरांना दाखवलेलं नाही. तीस अंशांना २०.३ आले. मोठ्या झोक्यांच्या सूत्राप्रमाणे २०.४ यायला हवेत. हा घड्याळाचं बटण दाबणारा माझा अंगठा असेल, पण मला एक शंका आहे. दहा झोके होईपर्यंत झोका लहान लहान होत जातो. मग कोन नेमका कुठला धरायचा, सुरुवातीचा की मधला कुठला तरी?

घाई नाही. या रविवारी घरी असाल तर वही घेऊन येते.

तुमची,
८.७ वाली