त्या फाट्यावर रिबन बांधणाऱ्या ताईंना

ताई, तुमचं नाव मला कळलं नाही. जॅकेटवर पाठीमागे नुसतं 'स्वयंसेवक' लिहिलेलं होतं, आयोजकांना विचारलं तर म्हणाले निरोप पोचवतो, पण मला जे सांगायचंय ते निरोपात मावणारं नाहीये, म्हणून हे असं सगळ्यांसमोर उघड लिहितेय. अजून आठवलं की डोळे भरून येतात, त्यामुळे वाक्यं इकडची तिकडे झाली तर समजून घ्या.

मी कोण ते सांगते. समुद्राच्या कडेकडेने सुरू होऊन मग जंगलात शिरणारी ती छोट्या गावातली मॅरेथॉन, त्यात सगळ्यात शेवटी होते ती मी, निळ्या टोपीवाली. तुम्ही माझ्या मागे होतात, खांद्याला पिशवी. शेवटचा माणूस पुढे गेला की झाडांवरच्या केशरी रिबनी सोडवून पिशवीत टाकायच्या, मार्गावर काही कचरा राहिला असेल तर उचलायचा, आणि कोणी मागे पडलेलं नाही ना ते बघायचं, हे तुमचं काम.

मी हळू धावते. यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. जी वेळेची मर्यादा दिलेली असते तिच्या आत मी पोचते, फी सगळ्यांएवढीच भरते आणि अंतरही तेवढंच कापते, 42.195 किलोमीटर, पहिल्या येणाऱ्याला त्यात एक मीटर जास्त नाही आणि मला एक मीटर कमी नाही. पण मागून धावणाऱ्यांना शर्यत कशी दिसते हे पुढच्यांना कधी कळत नाही ताई, तुम्हाला ते माहीत आहे म्हणून तुमच्याशी बोलतेय.

याआधी एका मॅरेथॉनला (नाव घेत नाही, त्यांना कळायचं ते कळेल) मी असाच जंगलातला रस्ता धावले होते. कट ऑफला, म्हणजे दिलेली वेळ संपायला, अजून तासभर तरी होता आणि पाण्याच्या टेबलावर पोचले तर टेबलच नाही, घड्या घालून टेम्पोत. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम संपलं सगळं, गाडीत बसा. मी म्हटलं वेळ आहे ना अजून, तर खांदे उडवले त्याने. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला वरून जे सांगितलं ते त्याने केलं. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. पुढे जंगलात बाणाच्या पाट्याच काढून टाकलेल्या. म्हणजे मी अजून धावतेय, माझा नंबर त्यांच्या यादीत आहे, सुरुवातीच्या मॅटवर, म्हणजे वेळ नोंदवणाऱ्या पट्टीवर, नोंद झालीय आणि शेवटची झालेली नाही, एवढं साधं बघायचं होतं, आणि हे लोक माझ्या पुढे जाऊन खुणा काढतायत! तीन वाटा फुटतात तिथे मी उभी राहिले, फोनला रेंज नाही, आवाज द्यावा तर आसपास कोणी नाही. शेवटी एका वाटेने गेले, ती चुकीची निघाली, परत आले, आणि पोचले तेव्हा फिनिशची कमान हवा काढून जमिनीवर पसरलेली. "अजून कोणी आहे हे माहीतच नव्हतं" असं तोंडावर सांगितलं मला. नंतर सविस्तर मेल केला तर उत्तर आलं, सहभागाबद्दल धन्यवाद. इतकं वाऱ्यावर सोडलेलं मला कधी वाटलं नव्हतं. आपण कोणाच्या खिजगणतीतच नाही ही भावना पायाच्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस राहते.

त्यानंतर बरेच दिवस मी ट्रेलवर, म्हणजे जंगल-डोंगरातल्या पायवाटेच्या शर्यतींना, नावच दिलं नाही, रस्त्यावरच धावत राहिले. तुमच्या शर्यतीला आले ते केवळ त्या मार्गाच्या ओढीने. आणि मार्ग होताच तसा. सुरुवातीला कड्यावरची पायवाट, खाली पाणी चमकतंय, मग उतरून वाळूचा पट्टा. वाळू दिसायला छान, पण पायांना विचारा. 1998 साली शास्त्रज्ञांनी मोजून बघितलं होतं, कडक जमिनीपेक्षा वाळूत धावायला साधारण 1.6 पट ऊर्जा लागते, आणि चालायला तर दुपटीहून जास्त, म्हणजे दमलं म्हणून चालायला लागावं तरी सुटका नाही. त्यात भरतीचं गणित. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं मिळतात, त्यामुळे वाळूवरचा कट ऑफ पाळायलाच हवा, तिथे पाणी कोणासाठी थांबत नाही. तिथे तुम्ही मागून एवढंच म्हणालात, "पाण्याच्या कडेने घ्या, ओली वाळू घट्ट असते, आणि आपण वेळेत आहोत." आपण! तेव्हा फार लक्ष दिलं नव्हतं, नंतर रात्री झोपताना तो शब्द परत परत ऐकू येत होता.

मग जंगल. मुळं वर आलेली, पानं ओली, नजर सतत पायाशी. तिथे अंतर मोजणाऱ्या जीपीएस घड्याळाचा काही उपयोग नसतो, दाट झाडांखाली उपग्रहाचा सिग्नल कमजोर होतो, खोडांवर पानांवर आपटून येतो, किती किलोमीटर झाले त्याचा आकडा भलताच दाखवतो, नकाशावर आपल्या वाटेची रेषा तर झाडांमधून आरपार. भरवसा ठेवायचा तो फक्त रिबनीवर, एक दिसली की दुसरी शोधायची. आणि तीस बत्तीस किलोमीटरनंतर तर डोकंही साथ देत नाही. स्नायूंमध्ये साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, बहुतेकांचं तेव्हा संपत आलेलं असतं, रक्तातली साखर उतरली तर मेंदू पण मंदावतो कारण त्यालाही इंधन म्हणून तीच लागते, साधं डावीकडे की उजवीकडे हे ठरवताना सुद्धा माणूस थांबतो. ज्याने हे अनुभवलं नाही त्याला वाटतं, दोन वाटा, त्यात काय एवढं.

तर तो फाटा. माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन गेलेले, मी फाट्यावर आले आणि रिबन नाही. दोन वाटा, दोन्ही सारख्याच, कुठल्याच फांदीवर केशरी काही नाही. ताई खरं सांगते, त्या क्षणी माझ्या पोटात जो खड्डा पडला तो दमल्यामुळे नव्हता, तो जुना होता. डोळ्यांपुढे ते घड्या घातलेलं टेबल आलं. परत काढल्या वाटतं, असंच आलं मनात.

तुम्ही मागून आलात. इकडेतिकडे बघितलंत, समुद्राकडून वारा चांगलाच सुटला होता सकाळपासून, आणि रिबन खाली झुडपात काट्यांना अडकलेली दिसली तुम्हाला. आता तुम्ही काय करायचं? हात करून दाखवायचं ना, उजवीकडे, बस. कोणीही तेच केलं असतं आणि मला त्यात काही कमी वाटलं नसतं, मी आभार मानून पुढे गेले असते. माझ्यामागे कोणी नव्हतं. ती रिबन आता कोणालाच लागणार नव्हती, माझ्या पाठोपाठ तुम्ही ती काढून पिशवीतच टाकणार होतात.

तुम्ही ती काट्यांतून सोडवलीत, पॅंटला पुसून चिखल काढलात, उजवीकडच्या वाटेवर माझ्या डोळ्यांच्या उंचीची फांदी शोधलीत, एक फांदी वाकवून बघितलीत आणि ती फार बारीक म्हणून सोडून दिलीत, दुसरी घेतलीत, आणि नीट गाठ मारलीत. गारठ्याने बोटं तुमचीही आखडली होती, पहिल्यांदा गाठ सुटली, तुम्ही परत मारलीत. दोन्ही टोकं ओढून सारखी केलीत. आणि मग चार पावलं मागे, जिथून आला होतात तिथे जाऊन उभ्या राहिलात. काही बोलला नाहीत. मी वर बघितलं, रिबन दिसली, मी उजवीकडे गेले.

वळणावरून मागे बघितलं तर तुम्ही तीच गाठ सोडवत होतात.

मी तिथून पुढे रडत धावले, सांगायला संकोच नाही. एका माणसासाठी, दहा सेकंदांसाठी तुम्ही ती खूण परत जागेवर लावलीत. पहिल्या आलेल्या मुलाला जो मार्ग मिळाला तोच, तसाच, मला मिळायला हवा असं तुम्हाला वाटलं. मला दया दाखवली नाहीत तुम्ही, मला माझी शर्यत दिलीत. हे मी किती वेळा स्वतःशी बोललेय, अजून पुरेसं बोलून झालं नाही.

घरी सांगितलं तर एकजण म्हणाला त्यात काय, नियमाने वागल्या असतील. असेल. मग नियमाने वागणाऱ्यांना पण माझा नमस्कार आहे. 1908 सालच्या लंडन ऑलिंपिकला इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये सगळ्यांच्या आधी शिरला, पण पार गळून गेलेला, परत परत पडत होता, अधिकाऱ्यांनी त्याला उचलून उभं केलं, आधार देऊन रेषेपार नेलं, आणि त्या मदतीमुळेच तो बाद झाला, सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला गेलं. (42.195 हे अंतर पण त्याच शर्यतीत पहिल्यांदा धावले, नंतर 1921 मध्ये ते कायमचं ठरलं.) त्या अधिकाऱ्यांचं मन वाईट नव्हतं, त्यांना बघवलं नसेल. पण धावणाऱ्याला मदत करायची आणि तरी धाव त्याचीच राहू द्यायची हे फार अवघड असतं, त्याला नुसतं चांगलं मन पुरत नाही, समोरच्याचा मान ठेवता यावा लागतो. तुम्ही माझा हात धरला नाहीत, पाणी पाजलं नाहीत, चला चला म्हणून टाळ्याही पिटल्या नाहीत, त्या टाळ्या शेवटी शेवटी नको होतात हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे.

अशी माणसं आहेत जगात, आणि ती मला आठवत राहतात. 2012 च्या डिसेंबरमध्ये स्पेनमध्ये एक क्रॉस कंट्री शर्यत होती, केनियाचा आबेल मुताई पुढे होता, त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलेला माणूस, त्याला वाटलं शर्यत संपली आणि तो रेषेच्या थोडं आधीच थांबला. मागून इव्हान फर्नांडेझ अनाया येत होता, सरळ ओलांडून जिंकता आलं असतं. तो मागेच राहिला, भाषा एकमेकांची कळत नव्हती म्हणून हातवारे करून त्याला रेषा दाखवली, त्याला आधी जाऊ दिलं. नुसती वाट दाखवायची, एवढंच केलं त्याने. तुमच्या रिबनीनंतर मला ती गोष्ट नव्याने कळली. लोक मोठमोठं काहीतरी करायला बघतात आणि माणुसकी अशी छोट्या जागेत, कोणी बघत नसताना, बसलेली असते. तिथे कॅमेरा नव्हता, मेडलवाले नव्हते, मीच होते, आणि मी बघत नसते तरी तुम्ही बहुतेक तेच केलं असतं.

बाकीच्यांचे पण आभार मानते, घाईत का होईना. शेवटच्या पाण्याच्या टेबलावरच्या दोन मुली, ज्यांनी पाणी देण्याआधी मीठ घेतलं का विचारलं, कारण नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, ते धोक्याचं असतं, आणि हळू धावणारे जास्त वेळ मार्गावर असल्यामुळे जास्त पितात, हे त्यांना माहीत होतं. फिनिशला कमान उभी होती, मॅट चालू होती, माईकवर माझं नाव बरोबर उच्चारलं गेलं. आल्या आल्या मला बसू दिलं नाही, चालत ठेवलं, कारण एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. हे सगळं ज्यांनी आखलं त्यांना शर्यत शेवटच्या माणसापर्यंत असते हे पक्कं ठाऊक आहे.

तुम्ही आलात माझ्यानंतर थोड्या वेळाने, पिशवी टम्म फुगलेली. मी लांबून हात केला, तुम्ही पण केलात, आणि मग तुम्ही रिबनींचा गुंता सोडवायला बसलात आणि मला मेडिकलच्या तंबूत नेलं, बाहेर आले तर तुम्ही नव्हतात.

पुढच्या वर्षीसाठी मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय, शेवटच्या माणसाच्या मागून चालणाऱ्यांमध्ये टाका असं मुद्दाम लिहिलंय फॉर्मवर. तुम्ही येणार असाल तर जंगलाचा भाग मला तुमच्याबरोबर चालायचाय. फांदी कुठली निवडायची, वारा असेल तर गाठ कशी मारायची की सुटणार नाही पण सोडवताना झाडालाही ओरखडा येणार नाही, हे मला तुमच्याकडून शिकायचंय. हे वाचलंत तर आयोजकांकडे कळवा, माझा नंबर त्यांच्याकडे आहे.

तुमची,
निळ्या टोपीवाली