मराठी मजकूर फोटोत टाकू नका, गूगलवर कुणाला सापडत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हंगाम तोंडावर आलाय आणि आमच्या देवगड तालुक्यात यंदा बऱ्याच बागायतदारांच्या घरी वेबसाइट काढायचं चाललंय, म्हणून हे पत्र. आम्ही दोन वर्षांपूर्वी काढली. बाग सासऱ्यांनी लावलेली, माल वाशीच्या बाजारात जायचा आणि पट्टी (विक्रीचा हिशोब) हातात पडेपर्यंत काय भाव लागला ते कळायचं नाही, तेव्हा थेट गिऱ्हाईक मिळालं तर बरं एवढाच विचार होता. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता घेतला, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा घेतली, ओळखीच्या एका मुलाने वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर साइट उभी करून दिली, दिसायला खरंच छान होती.

अख्खा हंगाम गेला, साइट बघून एक फोन आला नाही. व्हॉट्सअॅपवर आम्ही ज्यांना लिंक पाठवली तेवढेच बघून गेले. बागेचं नाव जसंच्या तसं गूगलमध्ये टाकलं तरी आमची साइट नाही! मग भाच्याने सांगितलं, मामी, सर्चमध्ये साइट हा शब्द इंग्रजीत लिहा, कोलन द्या आणि जागा न सोडता पुढे आपला पत्ता टाका, गूगलकडे तुमची कुठली पानं आहेत ते दिसेल. टाकलं. एकही पान नाही.

कारण काय तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून भाग आहे, तिथे सर्च इंजिनने ही साइट घेऊ नये अशा अर्थाचा एक चौकोन असतो, साइट बनत असताना त्यावर टिक करून ठेवतात, ती काढायची राहून गेली होती. टिक काढली, गूगलच्या सर्च कन्सोल या फुकट सोयीत साइट आपलीच आहे हे दाखवलं, साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांची यादी दिली (वर्डप्रेस 2020 पासून ती स्वतःच बनवतं), आणि थोड्या दिवसांत बागेचं नाव टाकलं की साइट यायला लागली. याला एक रुपया लागला नाही.

पण खरी गोची पुढे होती. नाव टाकलं तर येतेय, पण लोक आमचं नाव कशाला टाकतील, त्यांना आम्ही माहीतच नाही, ते टाकणार "देवगड हापूस घरपोच". त्याला आम्ही कुठेच नाही. तर झालं होतं असं की आमचं पत्रक डीटीपीवाल्याने युनिकोड (कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर मराठी मराठीच राहते ती पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टात केलेलं, त्यातला मजकूर साइटवर पेस्ट केला की आंबा या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस यायचे, म्हणून त्या मुलाने पत्रकाचा फोटोच टाकून दिला. माणसाला ते मराठी दिसतं, पण पानावर मजकूर म्हणून एक अक्षर नाही. प्रत्येकाने आपली साइट कॉम्प्युटरवर उघडून कंट्रोल आणि एफ दाबून आंबा शब्द शोधून बघा, सापडला नाही तर तुमचंही तेच झालंय.

मग मी रोज रात्री फोनवर बोलून बोलून सगळं मराठीत टाइप केलं, आणि पत्रकातलं नाही, गिऱ्हाईक फोनवर जे विचारतात ते. पेटीत किती डझन, फळ केवढं, कच्चा आला तर आढी कशी लावायची (म्हणजे पिकवायला गवतात कसा रचायचा), गवत नसेल तर काय, फ्रीजमध्ये ठेवायचा का. हापूसही लिहिलं, अल्फान्सोही लिहिलं, कारण लोक दोन्ही टाकतात. साताऱ्याच्या एका आजोबांना ते आढीचं पान सापडलं, आधी त्यांनी गवत कुठे मिळेल ते विचारलं आणि मग दोन पेट्या सांगितल्या.

आता रोज फोन येतात की पैसे द्या, पहिल्या नंबरवर आणतो. पहिल्या नंबरची खात्री कुणीच देऊ शकत नाही असं गूगल स्वतः सांगतं, आणि जाहिरातीचे पैसे भरून खालच्या साध्या रिझल्टमधला नंबर वर जात नाही. आणि डोमेन स्वतःच्याच ईमेलवर घ्या. आमच्या शेजाऱ्यांचं साइट करणाऱ्याच्या नावावर होतं, तो फोन उचलेना तेव्हा तीन वर्षं पेटीवर छापलेला पत्ता गेला.

हापूसला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तरी बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातोच. गिऱ्हाईक मोबाइलवर देवगड हापूस शोधतं तेव्हा त्याला देवगडचा माणूस सापडायला हवा. तालुक्याला बागायतदारांसाठी इतकी शिबिरं होतात, फवारणीवर, मोहरावर, त्यातला एक तास यासाठी ठेवावा आणि मराठी युनिकोडमध्ये टाइप कसं करायचं ते आधी शिकवावं. मोहराच्या दिवसांतच घ्यावं, आंबा उतरायला लागला की कुणाला वेळ नसतो.

आपली,
एक वाचक, देवगड (सिंधुदुर्ग)