आई-बाबा, मी फौजेत पाद्री म्हणून जातोय

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

हे फोनवर बोलायला गेलो असतो तर माझं निम्मं राहिलं असतं, म्हणून लिहून पाठवतोय. ताईला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय, दोघं मिळून वाचा. माझी आर्मीत निवड झाली आहे, पाद्री म्हणून. 1600 मीटरचं धावणं, मेडिकल, लेखी पेपर, मुलाखत, सगळं पार पडलं. दीक्षा झालेला आणि बिशपसाहेबांच्या यादीत नाव असलेलाच पाद्री आर्मी घेते, बिशपसाहेबांचं तसं पत्रही मिळालं आणि मी हो कळवून टाकलंय. म्हणजे विचारायला नाही, सांगायलाच लिहितोय, आणि ते तुम्हाला लागेल हे माहीत आहे.

आई, आधी तुझ्याशी बोलतो. हुद्दा नायब सुभेदाराचा असला तरी माझं काम लढायचं नाही. उपासना घ्यायची, हॉस्पिटलात आजारी जवानाजवळ बसून प्रार्थना करायची, कोणी शिक्षा भोगत असेल तर त्यालाही जाऊन भेटायचं, त्यांच्या मुलांना शिकवायचं, आणि कोणी गेलं तर त्याला नीट निरोप द्यायचा. बाबांनी जन्मभर हेच तर केलं. 1949 च्या जिनिव्हा करारात सैन्यातल्या धर्मगुरूंना डॉक्टरांसारखंच संरक्षण आहे, शत्रूच्या हाती लागले तरी त्यांना युद्धकैदी धरत नाहीत, आपल्या माणसांची सेवा करू द्यावी लागते. तुझी समजूत काढायला म्हणून काहीतरी सांगत नाहीये, तसं लिहिलेलंच आहे. धोका अजिबात नाही असं मात्र म्हणणार नाही, तू माझा आवाज ओळखतेस.

बाबा, तुमच्या मनात काय येईल तेही मला कळतं. चर्चची मंडळी सोडून चालला, एवढं शिकून, आपल्याकडे पाळक मिळत नाहीत अशा वेळी. पण तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून वस्त्यांवर न्यायचात ते आठवा. पावसात, चिखलात, आणि तिथे गेल्यावर कधी कधी चारच माणसं असायची, तरी तुम्ही पूर्ण उपासना घ्यायचात, उपदेशाचं एक वाक्य कमी करायचा नाहीत. परतताना मी पेंगायला लागलो की एक हात हँडलवर आणि एक माझ्या पोटाभोवती. माझ्यासाठी पाळक म्हणजे अजूनही तेच आहे, माणसं येऊ शकत नसतील तर आपण जायचं.

मागच्या वर्षी आमच्या मंडळीतला एक मुलगा सुट्टीवर आला होता, फौजेतला. उपासना संपली, सगळे गेले, तरी हा बाकावरच. त्याच्या बरोबरचा एकजण गेला होता आणि घरी कोणाला सांगता येत नव्हतं, आईला तर नाहीच. मी काही मोठं बोललो नाही, नुसता बसलो, स्तोत्र 121 वाचलं. जाताना म्हणाला, पाळकसाहेब, तिकडे रात्री असं कोणीतरी पाहिजे असतं. त्यानंतर मला झोप लागेना. नागालँड, मिझोराम, झारखंड, केरळ, तमिळनाडू, किती ख्रिस्ती पोरं आहेत फौजेत. 1971 ला गंगासागरच्या लढाईत गेलेले, परमवीरचक्र मिळालेले अल्बर्ट एक्का आताच्या झारखंडातले ख्रिस्ती आदिवासीच होते. या पोरांच्या घरचे रविवारी देवळात जातात आणि हे मात्र कुठेतरी बर्फात, तिथे कोण जाणार बाबा?

आणि ती डोरचेस्टर जहाजाची गोष्ट तर तुम्हीच सांगितलेली. 3 फेब्रुवारी 1943, अटलांटिकमध्ये पाणतीर लागून जहाज बुडायला लागलं आणि चार चॅप्लेननी, म्हणजे फौजेतल्या धर्मगुरूंनी, दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक, एक ज्यू, आपापली लाइफ जॅकेटं जवानांना देऊन टाकली. तुम्ही पुलपिटवरून सांगायचात आणि आई पहिल्या बाकावर डोळे पुसायची. (आई, हे मी जहाजावर जाणार म्हणून नाही सांगत, कृपा करून तसं मनात घेऊ नकोस.) वेगवेगळ्या धर्मांची माणसं शेवटी एकमेकांजवळ उभी होती, ते माझ्या मनात राहिलं. फौजेतही तसंच आहे. सर्वधर्मस्थळ असतं, आणि पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये ट्रेनिंगला पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री सगळे एकत्र असतात. आई, याने माझा विश्वास पातळ होणार नाही, उलट तो रोज दुसऱ्यासमोर नीट जगून दाखवावा लागेल.

आता सोयींचं. जेवण वेळेवर, अंथरूण-पांघरूण गरम, माझी काळजी नको. बेसिक 35,400 आणि वर 5,200 मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे आता महिन्याच्या शेवटी ओढाताण नाही. वर्षाला 60 दिवस रजा, शिवाय 30 दिवस कॅज्युअल, एका दमात मिळेलच असं नाही पण नाताळ नाही जमला तर ईस्टरला येईन. ट्रेनिंग होईपर्यंत तुमची सून आणि छोटी तुमच्याकडेच राहणार, तिने स्वतःहून सांगितलंय, मी म्हणालो म्हणून नाही. पुढे क्वार्टर मिळालं की तुम्हीही यायचं राहायला, आणि नाही म्हणायचं नाही.

बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. रात्री स्कूटर नाही म्हणजे नाही, अंत्यविधीला बोलावणं आलं तरी कोणाला तरी बरोबर घ्या. कानाचं मशीन डब्यात ठेवायला नाही आणलेलं. आई, गुडघ्याचा व्यायाम छोटीसमोर कर, ती मोजेल. माळ्यावरचं काही काढायचं असेल तर ताईच्या घरी फोन कर, भाऊजी येतील, स्टुलावर चढलेली मला कळलं तर मी खरंच रागावेन. आणि तुम्ही दोघं एकमेकांची औषधं "जरा घेऊन बघ" म्हणून देता ना, ते बंद.

जायच्या आधी घरी येतोय. बाबा, दीक्षेच्या दिवशी ठेवला होता तसा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, मनातून राग गेला नसला तरी करा. दोघांचं आधार कार्ड आणि पासपोर्ट साइझ फोटो काढून ठेवा, आश्रित म्हणून नावं घालायची आहेत, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात दाखवता येईल, आईचा गुडघा पहिला तिथेच दाखवू.

तुमचा,
बाळ्या