आग विझल्यावर भिंतीचं काय?

महोदय,

कालच्या वास्तू पुरवणीतला एएसी, म्हणजे भिंतींसाठीच्या हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकवरचा लेख वाचला. ‘एएसीची भिंत चार तास आगीला दाद देत नाही, रहिवाशांनी निर्धास्त राहावं’ या वाक्यापाशी अडलो, आणि रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

ब्लॉकबद्दल माझी तक्रार नाही. दीड वर्षापूर्वी पहाटे आमच्या इमारतीच्या विजेच्या डक्टला, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या केबल जातात त्या उभ्या पोकळीला, आग लागली. डक्ट आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये सहा इंची ब्लॉकची एकच भिंत. पलीकडे केबल जळत होत्या आणि अलीकडे मी हात लावला तर भिंत जेमतेम कोमट होती. ॲल्युमिनियमच्या पुडीने फुगवलेल्या त्या ब्लॉकमधली हवेची भोकं उष्णता अडवतात. त्या भिंतीने आमचं घर वाचवलं.

धूर मात्र आलाच. केबलसाठी पाडलेलं भोक कुणीतरी थर्माकोल कोंबून, वरून पुट्टी मारून बुजवलं होतं. तेवढ्या भोकातून आलेल्या धुराने माझ्या आईला तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. चार तासांचा आकडा भट्टीत तपासलेल्या अखंड भिंतीचा असतो, अशा भोकं पाडलेल्या भिंतीचा नाही.

नंतर कंत्राटदाराने काजळी धुतली, गिलावा केला, रंग दिला आणि बिल घेऊन गेला. आठ महिन्यांनी त्याच भिंतीवर वॉटर प्युरिफायर लावायला माणूस आला. ड्रिल टेकवलं आणि थेट आत गेलं, स्क्रू जागच्या जागी फिरत राहिला. तसाच प्लग त्याने समोरच्या भिंतीत ठोकला, तो घट्ट बसला. डक्टच्या बाजूचा गिलावा खरवडून घेतला, तर ब्लॉकवर केसाएवढ्या भेगांचं जाळं. किल्लीने ओरखडा काढला की पिठासारखी भुकटी हातावर येत होती.

सिमेंट आणि चुन्याला ताकद देणाऱ्या स्फटिकांत पाणी बांधलेलं असतं. भट्टीतल्या प्रमाणित चाचणीत तासाभरात तापमान 945 अंशांवर जातं. एवढ्या उष्णतेत ते पाणी निघून जातं, ब्लॉक आक्रसतो आणि तडकतो. ब्लॉक वाळू घालून केलेला असेल तर 573 अंशांना वाळूतलं क्वार्ट्झ हे खनिज रूप बदलून फुगतं. भिंत आग अडवते हे खरं, पण आग अडवलेली भिंत पूर्वीइतकी मजबूत राहत नाही, आणि लेखात यावर एक ओळही नाही. ‘ही भिंत इमारतीचा भार घेत नाही, काळजी करू नका,’ असं कंत्राटदार म्हणाला. इमारतीचा नसेल घेत. आमच्या डब्यांनी भरलेल्या कपाटाचा भार तीच घेते, आणि त्या कपाटाखाली माझी मुलगी अभ्यासाला बसते.

शिवाय थर्माकोलचे मणी मिसळलेली सिमेंट पॅनेल लेखकाने एएसीच्याच पंगतीत बसवली आहेत. ते मणी शंभर अंशांच्या आसपास मऊ पडून आक्रसू लागतात. त्याच पानावर खाली अशाच पॅनेलची मोठी जाहिरात होती. संपादक महोदय, लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे वाचकाला कळलं पाहिजे.

आगीनंतर वीज पुन्हा जोडण्याआधी डक्टच्या भिंती कुणी ठोकून, खरवडून पाहतं का, याचा आपल्या प्रतिनिधीने शोध घ्यावा. आमच्या वर त्याच डक्टला लागून पाच मजल्यांची स्वयंपाकघरं आहेत. त्यांपैकी एकाही घराने अजून गिलावा खरवडून पाहिलेला नाही.

– एक रहिवासी, पुणे