सूचना : लिस्बनला निघण्याआधी कार्ड तपासा

सर्व सभासदांना नमस्कार.

चवथ आटोपली की आपली लिस्बन सहल. बॅगा भरण्याआधी बँकेच्या कार्डाकडे बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं किंवा बदलून आलेलं कार्ड आधी फक्त देशातच चालतं. परदेशी वापर आपणच सुरू करून घ्यायचा. अ‍ॅपमध्ये दुकान, एटीएम, ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात, तिन्ही बघा.

मागच्या खेपेला लिस्बनच्या मेट्रो स्थानकात तिकीट मशीनने माझं कार्ड दोनदा बाहेर ढकललं. मागे ही रांग! बँकेला व्यवहार संशयास्पद वाटला होता, आणि खात्रीचा एसएमएस आला तो फोंड्याला कपाटात बंद पडलेल्या फोनवर. (सौ. अजून हसते.) तेव्हा बँकेत नोंदवलेलं सिम सोबत घ्या, रोमिंग चालू ठेवा.

१८०० चा नंबर बाहेरून बहुधा लागत नाही. +९१ वाला नंबर कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या बँकेचं कार्ड वेगळ्या पिशवीत ठेवा, थोडे युरो खिशात. पिन आठवत नसेल तर अंदाजाने दाबत बसू नका, कार्ड ब्लॉक होतं.

अ‍ॅप जमत नसेल त्यांनी रविवारी संध्याकाळी आमच्याकडे चहाला यावं. मोबाइल चार्ज करून आणा.