दिग्यास पत्र

पुणे, १८ ऑगस्ट

प्रिय दिग्या,

सशांच्या रक्ताचे रिपोर्ट मिळाले. पंधरा दिवस एकदांडीचा (ते पायवाटेकडचं रानटी तण) पाला घातला आणि हिमोग्लोबिन ११ वरून १४ वर गेलं, म्हणून तू भलताच खुशीत दिसतोस. जरा दमानं घे. सशाचं हिमोग्लोबिन साधारण १० ते १७ असतं, म्हणजे तुझे दोन्ही आकडे नॉर्मलच. शिवाय त्याची तांबडी पेशी दीड-दोन महिने जगते. पंधरवड्याच्या पाल्यानं एवढी उडी मला पटत नाही. हां, जुलाब लागले असतील तर पटेल. अंगातलं पाणी गेलं की रक्त दाट होतं आणि हिमोग्लोबिन, पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) दोन्ही चढलेले दिसतात. लेंड्या बघितल्यास का? पुढच्या वेळी टोटल प्रोटीनही (रक्तातली एकूण प्रथिनं) करून घे. तेही चढलेलं निघालं, तर पाणी कमी पडलंय असंच धरून चाल.

आणि रिपोर्टात ‘इओसिनोफिल वाढले’ वाचून जंताचं औषध पाजू नकोस! या गुलाबी दाण्यांच्या पांढऱ्या पेशी जंत झाले की वाढतात, हे खरं. पण सशाच्या न्यूट्रोफिलमध्येच (दुसऱ्या पांढऱ्या पेशींत) गुलाबी दाणे असतात, त्यामुळे माणसांच्या लॅबमध्ये गल्लत होते. जनावरांच्या डॉक्टरकडून स्लाइड वाचून घे.

एकदांडीशी माझं वैर नाही. नायजेरियात सशांना ती सर्रास घालतात. वेताळ टेकडीच्या पायवाटेवरून मीही आणतो. आमचा काळू ससा देठाचं टोक दातात धरतो आणि दोरा ओढावा तसा आत ओढत जातो, फूल शेवटी. केना, हरळीही चालते. फक्त पावसात भिजलेला पाला तसाच टाकू नकोस, पसरून कोमेजू दे, आणि वाळलं गवत कायम समोर ठेव.

सुबाभूळ बेतानं, तिच्या पाल्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यानं केस झडतात. खताच्या ढिगाशेजारचा काटेमाठ मात्र अजिबात नको. त्यात नायट्रेट साचतं, मग हिमोग्लोबिन असूनही ऑक्सिजन वाहत नाही. रिपोर्टात आकडा झकास आणि ससा धापा टाकतोय! घाणेरी यकृतावर जाते. गाजर गवतही निवडून काढ. १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा नजरेत भरलं ते आपल्या पुण्यातच, आता तुझ्या बांधावरही असणार. सशाला ओकता येत नाही, तेव्हा निवडायचं काम आपलंच.

नवं सँपल महिन्याभरानं घे, त्याच सशांचं, सकाळच्याच वेळी. काहींना नेहमीचाच चारा ठेव, नाहीतर तुलना कशाशी करणार? सुई कानाच्या कडेच्या शिरेत, आणि नंतर कापूस नीट दाबून धर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास